बटणावरचा अंगठा

नवरा गेल्यावर तिने त्याचा जुन्या वस्तीतला, माळ्यावरचा स्टुडिओ नव्याने रंगवून विकायला काढला. तरी दिव्याच्या बटणावर रोज सकाळी ओल्या निळ्या अंगठ्याचा ठसा असायचाच. नवरा होता तेव्हा काम संपलं की तो रंगल्या हातानेच दिवा मालवायचा, मग तिचा गाल ओढायचा.

ती टर्पेंटाइनने ठसा पुसायची. वाटायचं काहीच नाही. ओटा पुसावा तसं.

“राहू द्या हो वहिनी, चित्रकाराची सही म्हणून भाव वाढेल!” दलाल हसायचा.

आज बटण कोरडं, स्वच्छ होतं. गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे होकार दिला. सुटले एकदाची, असं म्हणत तिने किल्ल्या पुढे केल्या.

घेता घेता दलालाचा हात थबकला.

“वहिनी, गालाला निळं काय लागलंय?”