मिसेस पेनफोल्डची चिठ्ठी

डाक फोडता फोडता ऑसगुडने लांब सुस्कारा सोडला आणि दोन बोटांत एक चिठ्ठी वर धरली.

"आली. व्हिटबीची बाई."

समोरच्या टेबलाशी बसलेल्या मिस हेब्डनने मान वर केली नाही. "या वेळी काय?"

"करवत. तिचे दात एक इकडे, एक तिकडे असे किंचित वाकवतात ना, त्या वाकवण्याला सुतार 'सेट' म्हणतात. पुस्तकाचं नाव, साल, पान, सगळं जागच्या जागी. खोट काढायची सोय नाही."

यॉर्कमधल्या त्या शब्दकोशाच्या कचेरीत 'सेट' हा एवढासा इंग्रजी शब्द नऊ वर्षं ऑसगुडच्या टेबलावर होता. सूर्य मावळला तरी तोच, जेली आळली तरी तोच. मोडलेलं हाड बसवा, अंगठीत खडा बसवा, जेवणाचं टेबल मांडा, कोंबडी अंड्यांवर बसवा, सगळीकडे हा हजर. बिज्जूचं बीळसुद्धा त्याने सोडलं नव्हतं. समानार्थी म्हणून एखादा शब्द शेजारी ठेवावा, तर तो एका अर्थाला चालायचा आणि पुढच्या दहांना नडायचा. ऑसगुडचे केस या शब्दापायी गेले असं कचेरीत म्हणत.

हा शब्द मिटला, म्हणजे त्याची नोंद पुरी होऊन छापायला गेली, की ऑसगुड पेन्शनीत जाणार आणि त्याची खुर्ची मिस हेब्डनला मिळणार, हे ठरलेलं होतं. सहा वर्षं ती त्याची चिठ्ठ्यांची खोकी उचलत होती.

"एकदाचा मिटू दे," ऑसगुड रोज म्हणे. "खोलीवर जाऊन पडेन. चहा, खिडकी आणि घरमालकिणीचं मांजर. आणखी काय लागतं माणसाला?"

मिस हेब्डन त्याच्या खोलीवर एकदा गेली होती, तो तापाने पडला तेव्हा. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. मांजर तिला काही दिसलं नाही.

कचेरीचा एक नियम मात्र दगडासारखा होता. शब्द मिटवायला घेतला की कचेरीतल्या माणसाने त्यात आपली नवी भर घालायची नाही. नाहीतर एकेक जण मरेपर्यंत एकच शब्द चघळत बसेल, असं जुन्या संपादकांचं मत. बाहेरच्या वाचकाची चिठ्ठी आली तर ती मात्र घ्यायचीच. असे हौशी वाचक देशभर होते. कुणी पाद्री, कुणी निवृत्त मास्तर. फुकट वाचायचे आणि शब्दाचा नवा अर्थ सापडला की फुकट लिहून पाठवायचे. मिसेस पेनफोल्ड त्यांतली सगळ्यांत चिवट. चार वर्षांत 'सेट' पाचदा मिटत आला आणि पाचही वेळा तिची चिठ्ठी आली.

करवतीची चिठ्ठी पाहून मुख्य संपादक डॉक्टर पार्जिटर यांचा धीर सुटला. छापखाना खोळंबला होता. त्यांनी सांगितलं, मिस हेब्डन, गुरुवारी व्हिटबीला जा. बाईजवळ जे काही असेल ते एकदम घेऊन या. आणखी काही नसेल तर शनिवारी शब्द बंद.

"मी पत्र लिहितो ना तिला," ऑसगुड म्हणाला.

"पत्रं तुम्ही चार वर्षं लिहिताय, ऑसगुड."

"वय झालंय बाईचं. अनोळखी माणूस दारात पाहून घाबरेल."

"मिस हेब्डनला पाहून अजून कुणी घाबरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि गाडीचं वेळापत्रक मागवलं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ऑसगुडने तिला दोनदा सांगितलं की तिकडे समुद्रावरचा वारा वाईट आहे. ती हो म्हणाली आणि जाड कोट काढून ठेवला.

गुरुवारी त्याने एकही ओळ लिहिली नाही. दौत तीनदा भरली. दुपारी नळावर जाऊन दोन्ही हातांची शाई घासत बसला.

शुक्रवारी सकाळी मिस हेब्डन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. ऑसगुडलाही आत बोलावलं. तो बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"भेटली?" डॉक्टरांनी विचारलं.

"भेटली की. चहा पाजला." तिने हातमोजे काढून नीट एकावर एक ठेवले. मग सांगितलं, की बाई ऐंशीच्या पुढची आहे, गुडघे गेलेत, घर चढावर आहे, त्यामुळे बाहेर पडत नाही. नवरा जहाजावर होता. त्याने अकरा पेट्या पुस्तकं मागे ठेवलीत. भिंग लावून वाचते.

"वाचून किती झाल्यात?"

"तीन."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "म्हणजे अजून आठ पेट्या."

"आणि एकही पुस्तक हातचं सोडणार नाही म्हणाली. मी मागितलीही होती."

डॉक्टरांनी छापखान्याचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, नियम तो नियम. छापखान्याला सांगतो, पुढच्या 'टी' अक्षराचे शब्द आधी घ्या. "आणि तुमच्या खुर्चीचं आता काही खरं नाही, मिस हेब्डन."

"माझं टेबल बरं आहे," ती म्हणाली. "उजेड चांगला येतो."

दोघं आपापल्या जागी परतले. मिस हेब्डनने पर्स उघडली.

"विसरलेच. ही तुमच्यासाठी दिलीय तिने. म्हणाली, मिस्टर ऑसगुड फार थकलेत असं ऐकते, पण त्यांना म्हणावं, इतक्यात उठू नका."

चिठ्ठी नव्या अर्थाची होती: भरतीचं पाणी ज्या बाजूला ओढतं ती दिशा. पुस्तकाचं नाव, साल, पान, सगळं जागच्या जागी. अक्षर मोठं, डावीकडे झुकलेलं, हुबेहूब मिसेस पेनफोल्डचं. तिच्या नावाने चिठ्ठ्या पाठवायला ऑसगुड चार वर्षं रोज रात्री डाव्या हाताने जे गिरवत आला होता, तसंच; फक्त ही चिठ्ठी त्याने लिहिलेली नव्हती.