विभामॅडमचं आभारप्रदर्शन

"मी हे वाचणार न्हाई, मॅडम," शिवलीला म्हणाली आणि हातातलं कार्ड टेबलावर पालथं घातलं.

पडद्यापलीकडं सभागृह भरलं होतं. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं. विषय, उद्योगातली नीती आणि सामाजिक बांधिलकी. पाहुणे पुण्याच्या मोठ्या कंपनीतले. पुढल्या महिन्यात मुलांच्या मुलाखती घ्यायला तेच येणार होते. भाषण झालं की त्यांना आणि स्टेजवरच्या बाकीच्यांना सुरया द्यायच्या, मग विभामॅडमनी आभार मानायचे, मग जेवण. सूत्रसंचालन एमबीएच्या दुसऱ्या वर्षातल्या शिवलीलाकडं.

"दोनच ओळी आहेत गं," विभामॅडम म्हणाल्या. नीतीचा पेपर त्याच शिकवायच्या.

"त्या दोन ओळीच खोट्या हायत."

टेबलावर बारा सुरया मांडल्या होत्या. वीतभर उंचीच्या, काळ्या कुळकुळीत, अंगावर पांढरी वेलबुट्टी. कार्डावर छापलं होतं, 'बीदरचे कारागीर श्री. महादेवप्पा यांनी हातानं घडवलेल्या या बिदरी सुरया, आमच्या कॉलेजच्या सामाजिक बांधिलकीचं प्रतीक.'

महादेवप्पा म्हणजे शिवलीलाचे वडील. बिदरी म्हणजे जस्ताच्या भांड्यावर चांदीची नक्षी; तिला काळा रंग येतो तो बीदरच्या किल्ल्यातल्या मातीनं, पण कुठलीही माती चालत नाही. म्हातारा चिमूटभर माती जिभेवर ठेवतो, चव पटली तरच घरी आणतो. असल्या माणसाकडं कॉलेजचे डायरेक्टर हणमंतराव बारा सुरया मागायला गेले, त्याही आठ दिवसांत. "दोन म्हैने लागतात, सर. आठ दिवसात होत न्हाई," असं सांगून महादेवप्पांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. कार्ड तोवर छापून झालं होतं. हणमंतरावांनी हैदराबादेहून साच्यातल्या सुरया आणवल्या. कार्ड बदलायचं त्यांना काही सुचलं नाही. किंवा सुचलं असेलही, कोण जाणे.

"अप्पांनी ह्याला हात बी लावला न्हाई," शिवलीला म्हणाली. "नख मारलं की रंग निघायलाय. उद्या लोक म्हणतील, महादेवप्पा असला माल करतो. चाळीस वर्षं घातलीत त्यांनी, मॅडम."

विभामॅडमनी मान खाली घातली. ज्याचं नाव घ्यायचं त्याला आधी विचारायचं, हे मागच्या आठवड्यात त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं. आता मात्र त्या म्हणाल्या, "वाचून टाक. सरांशी वाकडं घेऊन चालत नाही. माझंही दर जूनमध्ये नवं कॉन्ट्रॅक्ट होतं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान! बोलून झाल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

टाळ्या वाजल्या. हणमंतराव घाईघाईनं आत आले आणि पालथं कार्ड बघून काय ते समजले.

"अगं, तुझ्या वडलांची जाहिरात व्हायलीय. तीपण फुकटात."

"जाहिरात नको, सर. कार्डावरचं नाव काढा."

"नीतीच्या पेपरचे वीस गुण कॉलेजच्या हातात असतात," हणमंतराव अगदी मायेनं म्हणाले. "मुलाखतीला कुणाला बसवायचं, तेपण. जा आता."

शिवलीलानं कार्ड उचललं आणि बाहेर गेली. तिच्या मागोमाग हणमंतराव आणि विभामॅडमही स्टेजवर जाऊन आपापल्या जागी बसले. पोरांनी सुरया आणून पाहुण्यांपुढच्या पांढऱ्या कापडावर मांडल्या.

"कार्डावर लिहिलंय, या सुरया महादेवप्पांनी घडवल्या," शिवलीला माइकवर म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "महादेवप्पा माझे वडील आहेत. त्यांनी या घडवलेल्या नाहीत. या हैदराबादेहून आल्यात. माझ्या वडिलांचं नाव यांना लावू नये, एवढंच."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

हणमंतरावांनी माइक तिच्या हातातून काढून घेतला. "पोरगी गडबडली. पहिल्यांदाच सूत्रसंचालन करतीय ना. सुरया अस्सल बिदरी आहेत. मी स्वतः महादेवप्पांच्या घरून आणल्यात." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बोलले इतक्या सहज, की लोकांना तेच खरं वाटलं. पाहुण्यांनी सुरई हसून घेतली. शिवलीला खाली उतरून पहिल्या रांगेत बसली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरून आलेले. खरं बोलून तीच खोटी ठरली होती.

"आता आभार," हणमंतराव म्हणाले आणि माइक विभामॅडमकडं दिला.

मॅडमच्या हातात आभाराचे दोन कागद होते. पहिलंच नाव हणमंतरावांचं. त्यांनी ते नाव वाचलं, मनातल्या मनात. मग कागद टेबलावर ठेवले आणि एक सुरई उचलली.

एका हातात माइक, दुसऱ्या हातात सुरई. सुरईचं पोट त्यांनी माइकला लावलं आणि अंगठ्याचं नख ओढलं.

खर्रर्र.

दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून तो आवाज सभागृहभर गेला. मॅडमनी पुन्हा नख ओढलं. मग तिसऱ्यांदा. काळे टवके आभाराच्या कागदांवर पडले.

"मॅडम," हणमंतराव दबक्या आवाजात म्हणाले, "जून जवळ आलाय."

"ठाऊक आहे, सर," मॅडम माइकवरच म्हणाल्या. "नाव लावायला महादेवप्पांना कुणी विचारलं नव्हतं. आभारी आहे."

त्यांनी माइक पाहुण्यांपुढं टेबलावर ठेवला, स्टेजवरून उतरल्या आणि शिवलीलाच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

माइक चालूच राहिला होता. थोड्या वेळानं स्पीकरमधून पुन्हा तोच आवाज आला. या वेळी नख पाहुण्यांचं होतं.