शेतकऱ्याच्या बाजूचा आकडा

“ब्याऐंशी किलो सहाशे!”

आकडा दुधरामच्या तोंडून निघून गेला, तेव्हा काट्यावर धानाचा चाळीस किलोचा कट्टा नव्हता. त्याची मुलगी चेतना उभी होती. कामठ्याजवळच्या धान खरेदी केंद्रावर दुधराम मापारी होता. काट्यावर वजन चढले की रांगेतल्या शेवटच्या शेतकऱ्याला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात ते सांगायचे, हेच त्याचे काम. जिभेला दुसरे वळण उरले नव्हते.

“म्हणजे दोन कट्टे झाले न, मापारी,” कट्ट्यांच्या थप्पीवर बसलेला बकाराम हमाल म्हणाला. “बारदान्यासकट.”

दोघे-तिघे हसले. त्या हसण्यात वाकडे काही नव्हते. सकाळच्या चहाआधी हमाल कशालाही हसतात, तसेच ते होते. चेतना खाली उतरली. चपला पायांत सरकवून, ओढणी पोटापर्यंत ओढून घेत ती फाटकाबाहेर गेली.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पीसीओडी असल्याचे सांगितले होते. पाळी महिनोन्महिने येत नसे. हनुवटीवर केस उगवू लागले होते. “यात तुझा काही दोष नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “गोळ्या चुकवू नकोस, रोज चाल, ताटातला भात कमी कर. थोडे वजन उतरले तरी पाळी रुळावर येऊ शकते. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करत जा. पुढच्या वेळी मला ते सगळे आकडे हवेत.” घरात काटा नव्हता. “आपला सरकारी शिक्क्याचा काटा असताना दुसरा कायले पाहिजे?” असे दुधरामच म्हणाला होता, आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला होता.

त्या आठवड्यात चेतना फिरायला गेली नाही. रस्ता केंद्रावरूनच जात होता. गोळ्यांचे पाकीट फडताळात तसेच पडून राहिले.

“मी नाई येत आता,” ती ताटावरून उठता उठता म्हणाली. “डॉक्टरीणबाईले सांगजा, काटा खराब होता.”

दुधरामच्या काट्याला आजवर असे कोणी म्हटले नव्हते. त्याने मान वर केली नाही.

“काटा चांगला हाय, बेटा,” तो म्हणाला. “मापारी खराब हाय.”

पुढच्या सोमवारी हमाल यायच्या आत तो तिला घेऊन केंद्रावर आला. त्या काट्याला आकडे दाखवणाऱ्या दोन खिडक्या होत्या: एक मापाऱ्याच्या बाजूला, दुसरी शेतकऱ्याच्या. आपला माल किती भरला हे शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, यासाठी ती दुसरी. दुधरामने खांद्यावरचा गमछा काढला आणि त्या दुसऱ्या खिडकीवर टाकला. मग तो थप्पीकडे तोंड करून उभा राहिला.

“माझ्या बाजूनं तूच पाहा. मले सांगू नको.”

चेतनाने चपला काढून काट्याला लावून ठेवल्या. एक पाय वर टाकला, तोच फाटकातून ट्रॅक्टर आत शिरला. ती अनवाणीच थप्पीमागे गेली.

ट्रॅक्टर चोरखमाऱ्याकडच्या भोजराजचा होता. फाटकाशी भेटलेले बकाराम आणि इतर हमाल ट्रॉलीवर बसूनच आले होते. भोजराज खाली उतरला, काट्यापाशी आला आणि थांबला.

“मापारी, आमच्या बाजूचा आकडा झाकून कोनाचा माल मोजून राहिला गा?”

दुधरामने तोंड उघडले. एका वाक्यात सुटका होती. पण ते वाक्य त्याच्या एकट्याचे नव्हते.

“चुकलं, भाऊ.”

“चुकलं?” भोजराजचा आवाज चढला नाही, खाली गेला. “जवळचं केंद्र सोडून मी इथं येतो, ते तुझ्या भरवशावर. लोकाइले सांगतो, दुधरामचा काटा म्हणजे पाहाचं काम नाई. अन् तूच गमछा टाकून राहिला? किती दिवसापासून चालू हाय हे?”

हमाल ट्रॉलीतच उभे राहिले. या वेळी कोणी हसले नाही. दुधराम गमछ्याकडे पाहत होता.

थप्पीमागून पावलांचा आवाज आला नाही. चेतना समोर आली, तेव्हाच ती सर्वांना दिसली. तिने गमछा ओढून काढला, वडिलांच्या खांद्यावर ठेवला आणि काट्यावर चढली. चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. पण ती भोजराजकडे सरळ पाहत होती.

“हा माल मोजून राहिले होते, काका. पाहून घ्या.”

दोन्ही बाजूंना आकडा उमटला, क्षणभर थरथरला आणि स्थिर झाला. आता तो सांगायचा होता. दुधरामने ओठ मिटून घेतले. बकारामने हातातला हूक उगाच दुसऱ्या हातात घेतला आणि ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहू लागला.

भोजराज शेतकऱ्याच्या बाजूला, खिडकीच्या अगदी समोर उभा होता. त्याने नजर खाली वळवली. तिथे चपलांचा जोड काट्याला लावून नीट ठेवलेला होता.

“काटा बरोबर हाय,” तो चपलांना म्हणाला.