नावाची जागा

"कुणापासून झाला ते बाईला स्वतःला ठाऊक नाही, आणि म्हणे आमच्या वंशावळीत नाव घाला!" अध्यक्ष माइकवर म्हणाले, आणि सभागृहात हशा पिकला.

लिफ्टवाल्याची कानशिलं तापली. तो उठणार तोच शेजारी बसलेल्या आईने त्याचा शर्ट मागून धरला.

"बस," ती म्हणाली. "हसू दे त्यांना."

हसायला साठ-पासष्ट पुरुष होते, सगळे एकाच आडनावाचे. आपण सगळे एकाच मूळ पुरुषाची लेकरं आहोत हे शास्त्राने सिद्ध करायचं, असं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. त्यासाठी प्रत्येकाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून डीएनए तपासायला दिली होती. अध्यक्षांनी सगळ्यांत आधी, फोटोग्राफर बोलावून. मग उत्साहाच्या भरात त्यांच्या कुलमंडळाने पेपरात जाहिरात दिली: आमच्या रक्ताचा कुणीही पुरुष असो, त्याने नमुना द्यावा, जुळला तर त्याचं नाव वंशावळीत लिहू. ही जाहिरात कुणी खरी मानेल, असं त्या शहाण्यांना वाटलं नसावं.

जाहिरात दाखवली होती आईनेच. शिवणयंत्रावरून न उठता तिने पेपर त्याच्यापुढे सरकवला होता. "जा, देऊन ये काडी."

लग्नाआधी ती यांच्याच रंगाच्या कारखान्यात डबे भरायची. लग्न तर झालंच नाही, आणि तो पोटात असतानाच नोकरीही गेली. बाप या घराण्यातला आहे, एवढंच तिने एकोणतीस वर्षांत त्याला सांगितलं होतं. कोण, असं विचारलं की "कळलं की सांगेन" म्हणायची आणि यंत्र जोरात चालवायची. लहानपणी त्याला ती थट्टा वाटे. मोठेपणी चीड येऊ लागली. हे काय उत्तर झालं? फॉर्मवर वडिलांच्या नावाची जागा कोरी दिसली की कारकून मान वर करून बघे, आणि त्याला तो कारकून, न पाहिलेला बाप आणि कधीकधी आईसुद्धा, सगळ्यांना धरून आपटावंसं वाटे.

आज मात्र त्याला नाव हवं होतं. इस्टेट गेली खड्ड्यात. समोरच्या भिंतभर तक्त्यावर, या माजलेल्या लोकांच्या शेजारी, त्यांच्याच हाताने लिहिलेलं नाव.

प्रयोगशाळेची डॉक्टरबाई पाकीट घेऊन पुढे आली. "मी हे बंद खोलीत सांगते," ती अध्यक्षांना म्हणाली.

"बंद खोलीत कशाला? चोरी केलीय का आम्ही? वाचा इथंच. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊन जाऊ द्या."

"तुमची सगळ्यांची संमती आहे?"

"सह्या दिल्यात की! वाचा."

बाईने पाकीट फोडलं. "बापाकडून मुलाकडे जी खूण उतरते, ती या मुलात आहे. हा तुमच्याच घराण्यातला आहे."

हशा जागच्या जागी विरला. लिफ्टवाल्याने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"असेल एखाद्या वाया गेलेल्या फांदीचा," अध्यक्षांचा धाकटा भाऊ पुटपुटला.

"तसं नाही. सगळ्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिलंय. वडील कोण तेही स्पष्ट आहे. नमुना क्रमांक एक."

नमुना क्रमांक एक कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. त्याचा फोटो दारातच लावला होता. साठ-पासष्ट माना एकदम वळल्या.

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. मग त्यांनी प्रथमच आईकडे नीट पाहिलं.

"तू... डबे भरायला होतीस का?"

"होते."

"लक्षात नाही बुवा. कितीतरी जणी होत्या."

लिफ्टवाल्याच्या मुठी आवळल्या. लक्षात नाही! आईने मात्र चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

पण अध्यक्ष म्हणजे पोहोचलेली असामी. मिनिटभरात त्यांनी स्वतःला सावरलं, खिशातलं पेन काढलं आणि तक्त्यापाशी गेले. "तरुणपणी पाय घसरतो माणसाचा. पण मी शब्दाचा पक्का आहे. जाहिरात दिली, ती दिली!" स्वतःच्या नावाखाली एक रेघ ओढून त्यांनी ठसठशीत अक्षरांत त्याचं नाव लिहिलं. आधी एक टाळी पडली, मग सगळ्याच पडल्या.

आपले डोळे भरून आले, याचा लिफ्टवाल्याला भयंकर राग आला. ज्या माणसाला मघाशी तुडवावंसं वाटत होतं, तोच आता हात पसरून उभा होता आणि पाय तिकडेच ओढत होते.

"ये, पोरा," अध्यक्ष म्हणाले.

तो एक पाऊल पुढे गेला.

"सगळ्यांसमोर कबूल आहे ना?" मागून आईने विचारलं. "मुलगा तुमचाच?"

"कबूल, बाई, कबूल! त्रिवार कबूल! झालं आता समाधान?"

आईच्या पलीकडे सकाळपासून एक बाई बसली होती. शिवणाचं गिऱ्हाईक असेल, असं लिफ्टवाल्याला वाटलं होतं. आई तिच्याकडे वळली.

"इन्स्पेक्टरबाई, माझी जुनी तक्रार काढा. त्या दिवशी गोदामात माझ्या तोंडावर पोतं बांधलं होतं, बाहेरून कुणीतरी 'मालक' म्हणून हाक मारली तेवढीच ऐकली, आणि तिथं मालक तर सगळेच होते, म्हणून नावाची जागा कोरी राहिली होती. आता लिहा."