चार वेढे

“उचल की! लोणी फासलंय का कात्रीला?”

चारच्या ठोक्याला काका आले होते. मास्तरांच्या खुर्चीशेजारच्या खुंटीला कोट अडकवायच्या आधीच त्यांनी तोंड सोडलं होतं.

टेबलावर कात्री होती. कात्रीशेजारी मास्तरांचा उजवा हात पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

“तुझ्या हातात कात्री होती तेव्हा तू तरी काय दिवे लावलेस, कातऱ्या?” मास्तर म्हणाले. “तुझी पँट घालून गिऱ्हाईक खाली बसायला घाबरायचं.”

“उभं तरी राहायचं! तुझ्या कोटात शिरलेल्या माणसाचं बुजगावणं व्हायचं, ढब्बू.”

“माझं बटण कोट फाटला तरी सुटलं नाही कधी. खालच्या दोऱ्याच्या देठाला चार वेढे, आणि गाठ कापडाच्या पोटात. तू तीनच घालायचास. आळशी!”

“मग आज एक तरी घालून दाखव, चार वेढेवाल्या.”

कोपऱ्यात मास्तरांची मुलगी मशीनवर बसली होती. पाय चालू, कान इकडे. बाबांच्या कपाळावरची शीर फुगलेली तिने पाहिली आणि तिला बरं वाटलं. राग यायलाच हवा होता.

युक्ती तिचीच. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, “हातात बळ आहे हो, मनच उठत नाहीये. एक बटण लावू दे त्यांना स्वतःच्या हाताने, मग पुढचं सोपं.” मुलीने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, रडून पाहिलं. मग तिला काका आठवले. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, आणि चाळीस वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे. मायेने जो उठत नाही तो ईर्ष्येने तरी उठेल.

काकांचं दार तिला कितीतरी वेळ वाजवावं लागलं होतं. काकू गेल्यापासून ते धड उघडलंच नव्हतं. दाढी वाढलेली. शेजारणीने आणून दिलेलं ताट झाकलेलं, तसंच. “मला कशाला ओढतेस यात, पोरी?” म्हणाले, पण आले. आधी तिने हाताला धरून आणलं म्हणून, मग आपले आपण. हल्ली तर दाढी करून येत. कोटाचं मधलं बटण मात्र एका दोऱ्यावर लोंबत राहिलं होतं, शिंप्याच्याच कोटाचं. ती लावून देते म्हणाली की म्हणत, “लोंबू दे. कोण बघतंय आता?”

“जेवलास का?” मास्तरांनी विचारलं.

“तुला काय करायचंय?”

“उपाशी माणसाशी मी भांडत नाही. हरलास की म्हणशील, अंगात त्राण नव्हतं.”

“जेवलोय.”

“मग भांड.”

काका भांडले नाहीत. स्टुलावर बसले आणि त्या पडलेल्या हाताकडे बघत राहिले.

“पुरे झालं, ढब्बू,” ते म्हणाले. “तीन महिने घसा फोडतोय. तुझं करंगळीचं नखही हललं नाही. उद्यापासून मी येत नाही.”

मास्तरांची नजर खुंटीवरच्या कोटाकडे वळली. मुलीने मशीन थांबवलं.

“काका, जरा बाहेर या.”

जिन्यात ती दबक्या आवाजात म्हणाली, “उद्या बाई शेवटचं बघणार आहेत. काहीच हललं नाही तर त्या येणं बंद करतील. आज नका सोडू, काका. पाया पडते.”

“भांडायलासुद्धा माणसात काहीतरी शिल्लक लागतं गं. मी घरी जातो, दार लावून पडतो. तेच बरं.”

इतकं शांतपणे म्हणाले की तिने जिन्यातच त्यांची वाट अडवली. हे आले नाहीत तर बाबांचं कसं व्हायचं? दहा मिनिटं ती विनवत राहिली. काका फक्त मान हलवत होते. शेवटी वर आले ते कोट घ्यायला.

मास्तर होते तिथेच होते, हातही होता तसाच. फक्त त्यांना जरा धाप लागली होती. काळ्या दोऱ्याचं रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं होतं. मुलीने ते उचलून खणात टाकलं.

काकांनी कोट अंगात घातला आणि दाराकडे वळले.

“थांब, पळपुट्या!”

मास्तरांचा उजवा हात कात्रीकडे सरकला. अंगठा सरपटत कात्रीच्या कडीत शिरला. कात्री टेबलावरून बोटभर उचलली गेली, क्षणभर लटकली, आणि धाडकन खाली पडली.



“हललं!” काका ओरडले. “पोरी, हललं गं!” दुसऱ्याच क्षणी त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक झाला. “पण ही काय उचलण्याची रीत झाली? मुंगीसुद्धा याहून जास्त उचलते!”

“उद्या बघ.”

“बघतोच. चारला येतो.”

“जेवून ये.”

रडता रडता हसत मुलगी त्यांना सोडायला खाली रस्त्यापर्यंत गेली. काका कात्री कशी पडली ते हातवारे करून तिलाच सांगत होते. निरोप देताना तिने सवयीने ते लोंबतं बटण धरलं, निदान वाटेत तरी गळून पडू नये म्हणून.

बटण लोंबत नव्हतं.

तिने अंगठ्याने चाचपून पाहिलं. बटणाखाली नव्या काळ्या दोऱ्याचा देठ होता, ताठ. त्याला एकाला एक लागून चार वेढे. गाठ कुठे दिसत नव्हती.

काकांचं लक्षच नव्हतं. ते झपाझप पावलं टाकत निघूनही गेले.

वरच्या खिडकीतून बाबांची हाक आली, “येणार आहे ना गं तो उद्या?”