हशाची जागा

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी मी निवृत्त होऊन अड्याळला आलो. त्याआधी बावीस वर्षं रेडिओवर विनोदी म्हातारा केला. स्टुडिओत हसायला कोणी नसतं, म्हणून विनोद झाला की मी टेबलावर तीन बोटं वाजवून थांबायचो. तेवढ्यात लोक घरोघरी हसून घेत. हशात बोललेलं वाक्य कोणालाच ऐकू जात नाही.

गावी आलो तरी बोटांची सवय सुटली नाही.

मार्चमध्ये शेजारचा गोपीचंद खाटेवर बसून म्हणाला, "दिवाळी झाली का पोरीचं लगन करून टाकतो, भाऊ. तुमाले यावंच लागते."

माझी बोटं वाजली आणि भरलेलं सभागृह हसावं तसा हशा उठला. मी दचकलो. गोपीचंद शांतपणे तंबाखू मळत होता.

चौथ्या दिवशी त्याची तिरडी माझ्याच दारावरून गेली.

तेव्हापासून कोणी बोलू लागलं की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरतो.

आज सकाळी माझी बायको देवका साकोलीला बहिणीकडं निघाली. मी हात दाबूनच बसलो होतो. चपला घालत ती म्हणाली, "सांजच्या गाडीनं येतोच मी. भात झाकून ठेवला हाय, जेवून घेजा."

बोटं हलली नाहीत. तरी हशा उठला, आजवरचा सगळ्यात मोठा.

"देवका, जाऊ नको!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

हशा थांबत नव्हता. देवकानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.