अल्बारिन्योचा पहिला ग्लास

सबेलाने बाटलीचं बूच ओढलं आणि अबोलीच्या काळजात धस्स झालं.

बाटली साधीसुधी नव्हती. सबेला स्पेनची, तिथल्या गॅलिशियातली, अगदी समुद्राला चिकटलेल्या रिआस बाइशासची. इथल्या, म्हणजे बॉथेल शहरातल्या लॅबमध्ये ती आणि अबोली शेजारी शेजारी काम करत. नुकतीच ती माहेरी जाऊन आली होती आणि वडिलांनी घरच्या द्राक्षांची केलेली अल्बारिन्यो वाइन कपड्यांत गुंडाळून घेऊन आली होती. आजचं अबोलीच्या घरचं रविवारचं जेवण त्यासाठीच तर होतं.

"पहिला ग्लास अबोलीचा!" ती इंग्रजीत ओरडली. "पप्पांच्या वाइनची ही सगळ्यात मोठी फॅन!"

झालं! समोरच सासूबाई बसल्या होत्या. शुभाताई साताऱ्याहून येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. केकचा तुकडा उचलायच्या आधी 'ह्यात रम नाही ना?' असं विचारणारी ही बाई. सून वाइन पिते हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. पण खरं सांगायचं तर अबोलीला आज त्याची एवढी भीती नव्हती. तिला भीती होती ती पोटातल्या जिवाची.

तिला दिवस गेले होते आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी सिद्धेशने हौसेने ऑफिसात पेढे वाटले, आणि मग एकेकाला गाठून 'नाही रे, यार' असं सांगत फिरायची वेळ आली. साताऱ्याला मात्र काही कळवलं नव्हतं. तीन महिने होईपर्यंत घरी सांगायचं नसतं ना! दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी सिद्धेश इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेला. 'होतं असं कधीकधी,' एवढंच म्हणाला. ह्या माणसाला काही वाटतच नाही, हे अबोलीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं. आणि आता तोंडातून शब्द काढला की हेही जाणार, अशी खुळी भीती तिच्या मनात घर करून बसली होती. खुळी तर खुळी, पण ती काही केल्या जात नव्हती.

ग्लास पुढ्यात आला. लिंबाच्या सालीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास आला. एरवी ह्या वासाने तिला वेंगुर्ल्याची खाडी आठवायची. आज नुसतं ढवळून आलं.

"नको, सबेला. आज डोकं दुखतंय."

सबेलाचा हात थांबला. "तू? आणि अल्बारिन्योला नाही म्हणतेस?"

तिने डोळे बारीक केले. मागे लॅबमधल्या एका मुलीने असाच ग्लास नाकारला होता, तेव्हा सबेलाने तिथल्या तिथे 'बेबी!' म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. आता तेच होणार. टेबलावरची बडबड थांबली. सिद्धेशसुद्धा बायकोकडे बघायला लागला. प्यावी तर बाळाला काही होईल, न प्यावी तर आत्ताच्या आत्ता सगळीकडे डांगोरा. देवा, काय करू? सबेलाने बोलायला तोंड उघडलं, तशी अबोलीने झटकन ग्लास उचलला. ग्लास ओठांपर्यंत आला.

"दे इकडे," शुभाताई म्हणाल्या.

त्यांनी तो तिच्या हातातून चक्क काढूनच घेतला. "आय विल टेस्ट," असं सबेलाला ठणकावलं आणि काढा घ्यावा तसा डोळे मिटून अर्धा ग्लास घशाखाली उतरवला.

सिद्धेशचा घास हातातच राहिला. "आई!"

"काय आई? आंबट आहे. दोन दिवसांच्या पन्ह्यासारखी लागते."

सबेला केवढी हरखली! अबोलीला विसरून ती खुर्ची ओढून शुभाताईंजवळ जाऊन बसली. दगडी खांबांवर चढवलेले द्राक्षांचे मांडव, मांडवाखाली लावलेला कोबी, जमिनीत आत आत शिरलेला समुद्र, सकाळचं धुकं, खाडीत दोरांना लटकून वाढणाऱ्या शिंपल्या, असं सगळं ती सांगत सुटली. शुभाताई मान डोलवत होत्या. ग्लास मात्र त्यांनी हातातून खाली ठेवला नाही.

जेवणं आटोपल्यावर अबोली प्लेटा घेऊन स्वयंपाकघरात आली. मागोमाग शुभाताई आल्या. गाल लालबुंद झाले होते. आता आपली काही धडगत नाही, असं वाटून अबोलीने घाईघाईने नळ सोडला.

"आई, ते वाइनचं... मी कधीतरीच हो..."

"ते नंतर बघू. रोज सकाळी असाच नळ सोडून ओकतेस. मला काय ऐकू येत नाही?"

अबोलीचा बांध फुटला. "कुणाला सांगू नका ना, आई. मला फार भीती वाटते. हेही राहिलं नाही तर?"

'हेही' ऐकून शुभाताई दचकल्या नाहीत. त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले.

"सिद्धेशला सांगितलंस?"

"त्याला काय सांगायचं? त्याला कुठे काही वाटतं!"

शुभाताईंनी नळ बंद केला.

"अगं वेडे, मागच्या दोन्ही वेळी तो फोनवर माझ्याजवळ ढसाढसा रडलाय. तुझ्यासमोर नाही रडला, तू आणखी घाबरशील म्हणून."